डिंकाचा निरख आणि रेणूची रचना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडनच्या आणि सोमाली किनाऱ्याच्या बाजूचा आफ्रिकी डिंक गलबतांतून मुंबई बंदरात उतरत असे, येथील वखारींत तो निवडला जात असे, आणि मग 'ईस्ट इंडिया गम' या नावाने लंडनच्या बाजाराकडे रवाना होत असे. अर्थात जो डिंक हिंदुस्थानातल्या कोणत्याही झाडाने गाळलेला नव्हता त्याला हिंदुस्थानचे नाव मिळे, आणि जो आमच्या डोंगरउतारांवर धावड्याच्या खोडातून खरोखरच पाझरत होता तो मात्र परक्या डिंकाचा स्वस्त पर्याय म्हणून ओळखला जाई. नाव बंदरावरून द्यावे, प्रत रंगावरून लावावी आणि किंमत वजनावरून ठरवावी, हा त्या काळच्या व्यापाराचा शिरस्ता होता व त्या काळी तो क्षम्यही होता, कारण डिंकाच्या खड्याच्या आत काय आहे हे पाहण्याचे साधनच कोणापाशी नव्हते. आज ते आहे. साध्या शर्करांची एकके एकमेकांस जोडली जाऊन बनलेल्या ज्या महारेणूंना आपण बहुशर्करा म्हणतो, त्यांची रचना गेल्या सत्तर वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी बरीच उलगडली आहे, आणि तेल व पाणी एकत्र नांदविण्याचे जे काम उद्योगधंद्यांना डिंकाकडून करून हवे असते ते कोणती रचना करील व कोणती करणार नाही, हे पुष्कळ अंशी सांगता येते. असे असूनही आमच्या जंगलांतल्या डिंकाचा निरख अजून मुख्यतः रंग पाहूनच ठरावा, ही गोष्ट मला नुसती जुनाट नव्हे, तर ज्यांनी उन्हातान्हात तो डिंक वेचला त्यांच्यावर अन्याय करणारी वाटते. आणि ती बदलणे समजले जाते तेवढे अवघड नाही, असेही माझे मत आहे.

हा मामला समजून घ्यायचा तर आधी पायस म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. तेल पाण्यात घालून जोराने घुसळले की क्षणभर त्याचे बारीक थेंब होतात. परंतु थेंब जितके बारीक तितके तेल आणि पाणी यांच्या सीमेचे एकूण क्षेत्र मोठे, आणि ही सीमा राखण्यास ऊर्जा खर्ची पडत असल्यामुळे ती आकसून घेण्याकडे, म्हणजे थेंबांनी एकमेकांत मिसळून पुन्हा निराळा थर धरण्याकडे, निसर्गाचा कल असतो. ही फारकत लांबविण्याचे मार्ग दोन आहेत. प्रत्येक थेंबाभोवती असे कवच घालावे की थेंब एकमेकांवर आदळले तरी एकरूप होऊ नयेत, हा एक. किंवा पाणीच इतके दाट करावे की थेंबांना वर चढणे जड जावे, हा दुसरा. थेंबाचा वर चढण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि द्रवाच्या श्यानतेप्रमाणे घटतो, हे स्टोक्सने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवले आहे. पहिले काम करणारा तो खरा पायसीकारक. दुसरे करणारा केवळ दाटपणा आणणारा. किराणा दुकानातल्या बरण्यांत दोघेही डिंक म्हणूनच नांदतात, पण नारिंगी शीतपेयाच्या बाटलीत त्यांचा भेद उघडा पडतो. संत्र्याच्या सालीतले सुगंधी तेल प्रथम डिंकाच्या दाट द्रावणात यंत्राने घोटतात, आणि ते पायस पुढे पाकात व सोड्याच्या पाण्यात शेकडो पटींनी पातळ करतात. एवढे पातळ झाल्यावर दाटपणा कोठला उरणार? उरते ते फक्त थेंबाभोवतीचे कवच, आणि ते कच्चे असेल तर दुकानाच्या फळीवर उभ्या असलेल्या बाटलीच्या गळ्याशी काही आठवड्यांत तेलाचे कडे धरते.

मग कवच घालणारी बहुशर्करा कोणती? याचे प्रामाणिक उत्तर असे की बहुतेक बहुशर्करांना ते जमतच नाही. शर्करेच्या प्रत्येक एककावर पाण्याशी सलगी करणारे गट असतात. त्यामुळे असा रेणू पाण्यात सुखाने राहतो आणि तेलाच्या सीमेवर जाऊन ठाण मांडण्याचे त्याला काही कारण नसते. गवारीच्या बियांपासून काढलेली भुकटी याचा नमुना म्हणून घ्यावी. मॅनोज या शर्करेची लांबच लांब सरळ साखळी आणि तिच्या दर दोन एककांमागे सुमारे एक गॅलॅक्टोजचे एकक शाखेसारखे लोंबणारे, अशी तिची घडण आहे. एवढा लांब रेणू पाण्यात आपले अंग पसरतो व थोड्याशा भुकटीने पाणी कमालीचे दाट होते. या दाटपणाची मागणी अमेरिकेतील शेल वायूच्या विहिरींकडून अकस्मात वाढली तेव्हा, म्हणजे 2011-12 च्या सुमारास, राजस्थानातल्या गवारीचे भाव इतके चढले की सरकारला तिचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. परंतु तेलाच्या थेंबाला कवच घालण्यात गवार सुमारच आहे. गंमत अशी की मेथीच्या दाण्यातली बहुशर्करा याच दोन शर्करांची, याच धर्तीवर बनलेली असते. फरक इतकाच की तिच्यात जवळजवळ प्रत्येक मॅनोजला एक गॅलॅक्टोज चिकटलेले असते, आणि तेवढ्या फरकाने तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण कमी करण्यात मेथी गवारीहून सरस ठरते. यातले श्रेय दाट शाखांचे किती आणि भुकटीबरोबर चुकून आलेल्या प्रथिनाचे किती, यावर संशोधकांचा वाद आहे. तो वाद येथे मिटविण्याचे कारण नाही. घटक तेच असून मांडणी बदलली की गुण बदलतो, एवढी गोष्ट आपल्या कामाची आहे, आणि प्रथिनाचा जो संशय मेथीच्या बाबतीत येतो तो पुढे खैर-बाभळीच्या कुळात खात्रीत बदलतो.

कारण या साऱ्या विषयाचा मुकुटमणी आहे तो सुदानचा अरबी डिंक. पूर्वीच्या दवाखान्यांतला कंपाउंडर खलात एरंडेलाचे किंवा माशाच्या तेलाचे दुधी मिक्श्चर घोटत असे तेव्हा तो चार भाग तेल, दोन भाग पाणी व एक भाग डिंक हे प्रमाण मुखोद्गत ठेवून घोटत असे, आणि खलातून कुटकुट असा विशिष्ट आवाज निघू लागला की पायस धरले असे समजत असे. हे प्रमाण औषधनिर्माणाच्या वर्गात आजही शिकवतात. पण तो डिंक हे काम का करतो याचा उलगडा व्हायला 1980 चे दशक उजाडावे लागले. या डिंकाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग गॅलॅक्टोजच्या मुख्य साखळीवर अरॅबिनोज, ऱ्हॅम्नोज व ग्लुक्युरोनिक आम्ल यांच्या शाखोपशाखा फुटलेल्या बहुशर्करेचा असतो. ही बहुशर्करा एवढी फांद्याळ व गोळीबंद असते की डिंकाचे तीस टक्क्यांचे द्रावणही सहज ओतता येते, जे गवारीच्या बाबतीत दोन टक्क्यांनाही शक्य नाही. उरलेल्या दहाव्या हिश्शात मात्र रहस्य आहे. त्या हिश्शातले रेणू अतिशय मोठे असतात, आणि त्यांच्यात प्रथिनाची एक साखळी असून तिच्यावर ठिकठिकाणी बहुशर्करेचे गुच्छ लटकलेले असतात. फिंचर, स्टोन व क्लार्क यांनी 1983 साली अशा प्रथिनयुक्त रेणूंसाठी जे प्रतिरूप सुचविले ते बाभळीच्या फुलाचे, आणि ज्याने थंडीत बाभळीचे पिवळे गोंडे पाहिले आहेत त्याला ते समजावून द्यावे लागू नये: देठ म्हणजे प्रथिन, गोंडे म्हणजे शर्करांचे गुच्छ. प्रथिनातले तेलाकडे ओढ असलेले भाग थेंबाच्या पृष्ठावर रुततात, गुच्छ बाहेर पाण्यात पसरून राहतात, आणि दोन थेंब जवळ आले की गुच्छ गुच्छाला लागून त्यांना आत शिरू देत नाही.

हे केवळ कल्पनेचे चित्र नव्हे. ग्लिन फिलिप्स, पीटर विल्यम्स आणि त्यांचे सहकारी यांनी वेल्समध्ये 1988 च्या सुमारास या डिंकावर प्रथिन तोडणारे विकर सोडून पाहिले. शर्करांच्या गुच्छांना धक्का लागला नाही, पण पायस करण्याचा गुण मावळला. फार तापविले तरी तोच परिणाम होतो. त्याच प्रयोगांत असेही दिसले की पायसात घातलेल्या डिंकापैकी थेंबांच्या पृष्ठावर प्रत्यक्ष जाऊन बसतो तो एक-दोन टक्केच. बाकीचा सारा डिंक पाण्यात बिनकामाचा तरंगत राहतो. शीतपेयाच्या अर्कात तेलाच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक डिंक का घालावा लागतो, याचे कारण हे. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर गिऱ्हाईक शंभर किलोचे पैसे मोजते आणि त्यातल्या दोन किलोंकडून काम करून घेते. मग त्या दोन किलोंचे प्रमाण ज्या डिंकात थोडे अधिक, त्याची किंमत किती अधिक असावी, हा हिशेब कोणत्याही अडत्याला कळण्याजोगा आहे. तो खड्याच्या रंगावरून मांडता येत नाही, एवढीच अडचण.

सुदानात हा हिशेब आपल्या आधी मांडला गेला, आणि तो सुखासुखी मांडला गेला नाही. कोर्दोफानच्या वालुकामय पट्ट्यात होणाऱ्या झाडाच्या डिंकाला तेथे हशाब म्हणतात आणि चिकणमातीच्या प्रदेशातल्या दुसऱ्या एका बाभुळवर्गीय झाडाच्या डिंकाला तलहा. शर्करा बहुतांशी त्याच. पण तलह्यात प्रथिन हशाबाच्या निम्म्याच्या आसपास, आणि पायस करण्यात तो स्पष्टपणे उणा. दोन्ही एकत्र कुटून विकले तर डोळ्याला पत्ता लागत नाही. मात्र ध्रुवित प्रकाशाचे प्रतल हशाबाच्या द्रावणातून जाताना डावीकडे वळते आणि तलह्याच्या द्रावणातून जाताना उजवीकडे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 1990 साली अरबी डिंकाच्या व्याख्येत हे वलन उणे 26 ते उणे 34 अंशांच्या आत आणि नायट्रोजन 0.27 ते 0.39 टक्क्यांच्या आत असावा, अशी अट घातली. म्हणजे हशाब आत, तलहा बाहेर. व्यापाराच्या दृष्टीने हा केवढा उलथापालथीचा हुकूम होता हे वेगळे सांगायला नको. पुढे वादविवाद होऊन त्याच दशकाच्या अखेरीपर्यंत ती बंधने सैल झाली आणि तलह्याला पुन्हा अरबी डिंक म्हणवून घेण्याची मुभा मिळाली. पण तोपर्यंत मोठ्या खरेदीदारांनी प्रत्येक गोणीची आपल्या प्रयोगशाळेत खातरजमा करून घेण्याची पद्धत पाडली होती. या डिंकाचे महत्त्व एवढे की 1997 साली अमेरिकेने सुदानवर व्यापारी निर्बंध लादले तेव्हा बाकी मालावर बंदी आली, पण डिंक वगळला गेला. आणि 2007 साली सुदानच्या राजदूताने वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांपुढे कोका-कोलाची बाटली उंचावून, आमचा डिंक थांबला तर हे पेयही थांबेल, अशा आशयाची धमकी दिली. धमकी हास्यास्पद वाटली तरी तिच्यामागचे रसायन खरे होते. एप्रिल 2023 पासून त्या देशात यादवी पेटली आहे, अल-ओबैदसारखी डिंकाची पेठ तिच्या धगीत सापडली आहे, आणि जगभरचे खरेदीदार दुसऱ्या झाडांकडे पाहू लागले आहेत.

त्या दुसऱ्या झाडांत आपला धावडा अग्रभागी आहे. सातपुड्यात, मेळघाटात, यवतमाळ-चंद्रपूरच्या पानगळीच्या जंगलांत हे झाड पुष्कळ; त्याच्या चिवट लाकडाची बैलगाडीची आखरी व कुऱ्हाडीचे दांडे होत, पाने कातडे कमावण्यास जात, आणि बाळंतिणीच्या लाडवांत पडणाऱ्या डिंकांत त्याचा मान मोठा. उन्हाळ्याच्या तोंडाशी खोडावर फुटून आलेले त्याचे अश्रूसारखे खडे वेचून, वाळवून, रंगावरून निवडून विकतात. या डिंकाची घडण अरबी डिंकाहून निराळी आहे. अ‍ॅस्पिनॉल, हर्स्ट व विक्स्ट्रॉम यांनी 1955 साली एडिंबरो येथून तिच्याविषयी प्रसिद्ध केलेल्या व पुढे चालू ठेवलेल्या कामातून दिसले ते असे की ग्लुक्युरोनिक आम्ल व मॅनोज यांची आळीपाळीने येणारी साखळी तिच्यात आहे, गॅलॅक्टोजचे पट्टे आहेत, आणि बाहेरच्या अंगाला अरॅबिनोजच्या पुष्कळ शाखा आहेत. अरॅबिनोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, झायलोज व ग्लुक्युरोनिक आम्ल यांचे प्रमाण स्थूलमानाने दहा, सहा, दोन, एक व दोन. शिवाय अल्प प्रमाणात प्रथिनही आहे. अरबी डिंक फुलासारखा गोळीबंद, तर धावडा त्याहून ऐसपैस. म्हणून तो पाणी अधिक दाट करतो आणि थेंबाभोवती कवचही घालतो, दोन्ही कामे एकाच अंगाने. प्रयोगांत अरबी डिंकाच्या निम्म्याहून कमी मात्रेत तो तेवढेच टिकाऊ पायस देतो. उणीव अशी की तो सगळा विरघळत नाही. कॅल्शियमयुक्त असा एक भाग पाण्यात नुसता फुगून बसतो, खडे कोणत्या झाडाचे व कोणत्या रानाचे यावर हा भाग कमीजास्त होतो, आणि कारखानदाराला जे सर्वांत अप्रिय ते, म्हणजे प्रत्येक खेपेस वेगळा गुण, नेमके तेच पदरी पडते. जपानमध्ये न विरघळणारा भाग गाळून, फवारून वाळवून, या डिंकाची एकजिनसी भुकटी तयार होते. कॅनडात ग्वेल्फ येथे गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याच्या रचनेचा पुन्हा बारकाईने अभ्यास झाला. अमेरिकेत व जपानात अन्नात घालण्यास तो मान्य आहे, युरोपीय संघाच्या यादीत मात्र त्याला अजून क्रमांक नाही. झाड आमचे, वेचणारे आमचे, आणि त्याच्या रेणूचा नकाशा एडिंबरोत व ग्वेल्फमध्ये. यात विज्ञानाचे काही नुकसान नाही, विद्या कोठेही वाढावी, पण नकाशा ज्याच्या हाती त्याच्याच हाती भाव राहतो, हे विसरून चालत नाही.

धावड्याच्या शेजारीच, खडकाळ उतारांवर, पांढऱ्या सालीचा कांडोळ उभा असतो. त्याचा डिंक वेगळ्याच वळणाचा. गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल, ऱ्हॅम्नोज व गॅलॅक्टोज यांच्या त्याच्या रेणूवर अ‍ॅसिटिल गट जागोजाग बसलेले असतात, वजनाने सुमारे आठ टक्के, आणि त्यांच्यामुळे तो विरघळण्याऐवजी कितीतरी पट फुगतो. थेंबांना कवच घालण्यात तो धावड्याच्या जवळपासही येत नाही. त्याचे उपयोग रेचकात, कवळी बसविण्याच्या भुकटीत, दाटपणा हवा तेथे. दमट उष्ण हवेत हे गट सुटू लागतात, साठवणीतल्या मालाला व्हिनेगरसारखा वास येतो व फुगण्याचा गुण उतरतो. भुकटी केलेली असेल तर हे फार लवकर होते. म्हणून कांडोळ खड्याच्याच रूपात, पावसाळ्याआधी, कोरड्या जागी हलवावा, आणि दळायचा तो वापरणाऱ्याने दळावा. हे दोन डिंक एका पोत्यात भरले की धावड्याचे पायस बिघडते आणि कांडोळाचे फुगणे बिघडते. तरीही रानात झाडांची सरमिसळ, वेचणीत घाई, आणि गावच्या दलालाकडे एकच तराजू, अशा स्थितीत पोती वेगळी राहतील ही अपेक्षा वेचणाऱ्याकडून कोणत्या तोंडाने करावी? वेगळे ठेवल्याचा त्याला जादा पैसा मिळत नाही. रंग उजळ असला की भाव मिळतो, आणि उजळ रंग फार तर साल व धूळ कमी असल्याची ग्वाही देतो. आत प्रथिनाचा देठ आहे की नाही याविषयी तो मुका आहे.

याला उत्तर म्हणून असे म्हटले जाते की रेणूची परीक्षा मोठ्या प्रयोगशाळांचे काम आहे आणि रानातल्या डिंकासाठी एवढा खटाटोप परवडणारा नाही. या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. प्रथिनयुक्त हिस्सा नेमका किती व त्याचा रेणुभार किती, हे मोजण्याची उपकरणे खरोखरच महाग आहेत. परंतु व्यापारासाठी तेवढ्या खोलात जावे लागत नाही. ध्रुवण मोजण्याचे यंत्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत असते, त्यावर उसाच्या रसाचा पोल, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण, रोज काढतात, आणि डिंक वेचण्याच्या ऐन हंगामात गाळप संपत आल्यामुळे ते यंत्र व ते रसायनज्ञ दोघेही मोकळे होतात. नायट्रोजन मोजणे हे कृषी विद्यापीठांत व पशुखाद्याच्या कारखान्यांत नित्याचे काम आहे. चाऱ्यातले प्रथिन त्याच रीतीने काढतात. राहिली प्रत्यक्ष पायसाची परीक्षा: ठराविक तेल, ठराविक डिंक, ठराविक वेळ घुसळणे, आणि मग पातळ करून त्यातून प्रकाश किती आरपार जातो ते पाहणे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बी.एस्सी.चा विद्यार्थी हे एका दुपारी करू शकतो. धावडा, बाभूळ, खैर, कांडोळ, सालई यांच्या शुद्ध नमुन्यांची फेरिस्त एकदा बांधली की पुढची रुजवात सोपी आहे. रांचीजवळ नामकूम येथे 1924 साली लाखेच्या संशोधनासाठी जी संस्था निघाली आणि जिच्या नावात 2007 पासून काही वर्षे राळ व डिंक हे शब्दही होते, तिच्याकडे या कामाचा अनुभव आहे. नमुने आपण पाठवायचे एवढेच. ती आता दुय्यम कृषीच्या व्यापक नावाने चालते, पण नाव रुंदावल्याने डिंक तिच्या दप्तरातून बाहेर पडावा असे मुळीच नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. चाचणी आली की ती खरेदीदाराचे हत्यार होते. नायट्रोजन थोडा कमी भरला म्हणून माल नाकारायचा आणि तोच माल पडत्या भावाने पुन्हा मागायचा, हे दुधाच्या फॅटच्या व उसाच्या उताऱ्याच्या बाबतीत आपल्या शेतकऱ्याने भोगलेले आहे. म्हणून चाचणी विकणाऱ्याच्या बाजूने, माल हातचा जाण्याआधी, झाली पाहिजे व तिचा दाखला पोत्याबरोबर जावा, हा आग्रह सोडता कामा नये. तिसरा धोका झाडांचा. डिंकाला भाव आला की खोडावर कुऱ्हाडीचे घाव वाढतात. कांडोळाची झाडे अशा घावांनी अनेक ठिकाणी मेली आहेत. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने राजस्थानातल्या कुमट झाडासाठी इथेफॉन या रसायनाचे द्रावण खोडात भरून डिंक वाढविण्याची रीत बसविली आहे, आणि ती तेथे शेतकऱ्यांना लाभली आहे; पण बांधावरचे आपले झाड आणि रानातले सर्वांचे झाड यांत अंतर आहे, आणि धावड्यावर हे द्रावण सरसकट ओतण्याआधी असे जबरीने काढलेल्या डिंकात प्रथिनाचा हिस्सा तोच राहतो की घटतो, हे तपासून घेणे शहाणपणाचे. झाडाने घाईने गाळलेला डिंक वजनात भरेल आणि कामात उणा पडेल, अशी मला धास्ती आहे.

येथे एका वेगळ्या उत्साहालाही आवर घालावासा वाटतो. नागपूरच्या संत्र्याच्या साली वाया जातात, त्यांतून पेक्टिन काढून त्याचा पायसीकारक करावा, असे अधूनमधून बोलले जाते. संत्र्याचे पेक्टिन जेली धरण्यास फार चांगले. पण त्याच्या गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या साखळीवर प्रथिन व अ‍ॅसिटिल दोन्ही बेताचेच, म्हणून पायसाच्या कामात ते बीटाच्या पेक्टिनपुढे फिके पडते, ज्यात हे दोन्ही भरपूर असतात. साली जरूर वापराव्यात, मात्र त्या मुरंब्याच्या धंद्यासाठी. आणि धावड्याच्या बाबतीतही फार काळ वाट पाहण्याची सोय नाही. स्टार्चच्या रेणूला तेलाकडे ओढ घेणारी ऑक्टेनिल सक्सिनेटची शेपटी चिकटवून बनविलेला कारखानी पायसीकारक, ज्याचे पेटंट 1953 सालचे आहे, बाजारात आहेच. त्याचा गुण दर खेपेस सारखा असतो, आणि सुदानातून डिंक आला नाही की शीतपेयवाले प्रथम त्याच्याकडेच वळतात.

हे सारे अमलात आणण्याची वाट आधीच मोकळी आहे. वनाधिकार कायदा 2006 साली झाला. त्यानुसार गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा अधिकार ग्रामसभांकडे आला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला 2011 साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, आणि त्यानंतर विदर्भातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांचे लिलाव स्वतःच्या जाहिरनाम्याने करू लागल्या आहेत. त्या जाहिरनाम्यांत पानांच्या पुड्यांची संख्या, हप्ते, साठवणीची जागा अशी कलमे असतात. डिंकासाठी तसाच जाहिरनामा निघाला तर त्यात आणखी चार कलमे घालणे एवढेच काम आहे. प्रत्येक पोत्यावर झाडाचे नाव, रान व वेचणीचा महिना असावा. धावडा व कांडोळ यांची पोती वेगळी आणि खडे न कुटलेले असावेत. विक्रीआधीच्या चाचणीचा दाखला जोडलेला असावा. आणि बोली वजनाबरोबर त्या दाखल्यातल्या अंकांवर लागावी. आदिवासी विकास महामंडळाने पहिल्या एक-दोन हंगामांपुरता चाचण्यांचा खर्च उचलावा, म्हणजे ग्रामसभांना तो मालाच्या पैशांतून कापून द्यावा लागणार नाही. यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही, नवे खाते काढावे लागत नाही. माघ-फाल्गुनात वेचणी सुरू होण्याआधी ग्रामसभेचा ठराव आणि जवळच्या साखर कारखान्याशी एक साधा लेखी करार एवढ्यावर ते भागते.